घरातील दिव्याची निवड : वॅट, प्रकाश आणि विजेचा हिशेब

विजेचा दिवा आता खेड्यापाड्यांतही नवलाईची वस्तू राहिलेला नाही. बटण दाबताच उजेड पडतो, ही गोष्ट लहान मुलांनाही सूर्योदयाइतकी सहज वाटते. तथापि हा दिवा विकत घेताना काय पाहावे, याचे शिक्षण घरात क्वचितच मिळते. दुकानदार विचारतो, “किती वॅटचा देऊ?” गिऱ्हाईक म्हणते, “चांगला उजेड पडेल असा द्या, आणि स्वस्तातला द्या.” एवढ्या संभाषणावर व्यवहार उरकतो. त्यानंतर अनेक वर्षे त्या दिव्याची खरी किंमत मीटरवाटे दरमहा चुकती होत राहते.

दिव्याची किंमत दुकानात एकदा द्यावी लागते, विजेची मात्र दिवा जळेपर्यंत. या दोहोंची बेरीज ज्याने केली त्यालाच दिवा निवडता आला, असे म्हणावे लागेल. ही बेरीज चौथी-पाचवीच्या मुलालाही करता येते. म्हणून हा विषय केवळ गृहिणीचा किंवा वायरमनचा नसून प्राथमिक शिक्षकाचाही आहे.

नेरूळचे उदाहरण

ठाणे जिल्ह्यातील नेरूळ हे खाडीकाठचे गाव. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर तेथील आगरी-कोळी कुटुंबांचा निर्वाह चाले. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील गावांच्या जमिनींवर नव्या मुंबईची उभारणी सुरू झाली. आज नेरूळमध्ये एका बाजूस मूळ गावठाण, सारसोळे व शिरवणे यांसारखी जुनी गावे, तर दुसऱ्या बाजूस सेक्टरांतील उंच इमारती असे चित्र दिसते. घरे भिन्न, राहणी भिन्न. परंतु वीज महावितरणचीच आणि मीटर मोजतो ते युनिटही एकच.

अशा वस्तीत गेल्या पिढीने दिव्यांची तीन स्थित्यंतरे पाहिली. आधी पिवळा बल्ब व लांब ट्यूब होती, नंतर वेटोळ्यांच्या नळीचा सीएफएल आला आणि शेवटी एलईडी. एलईडीचा प्रसार झपाट्याने होण्यास सरकारी खरेदी मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने जी योजना सुरू केली, ती पुढे ‘उजाला’ या नावाने प्रसिद्ध झाली. या योजनेखाली एकगठ्ठा खरेदी झाल्यामुळे, २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांस पडणाऱ्या एलईडी दिव्याचा खरेदीदर २०१६ मध्ये ४० रुपयांच्या आत आला. देशभर ३६ कोटींहून अधिक आणि महाराष्ट्रात २ कोटींहून अधिक दिवे या योजनेतून वाटले गेले.

दिवा स्वस्त झाला, हे खरे. परंतु स्वस्त झालेल्या वस्तूबरोबर निकृष्ट वस्तूही बाजारात येते. रस्त्याकडेच्या टोपलीत बिनखोक्याचे, बिननावाचे दिवेही विकावयास असतात. निवड करण्याची गरज त्यामुळे कमी न होता उलट वाढली आहे. नेरूळच्या गृहस्थास जे लागू, तेच शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरील गृहस्थासही लागू आहे.

वॅट म्हणजे प्रकाश नव्हे

या विषयातील पहिली व सर्वांत मोठी गैरसमजूत वॅटसंबंधी आहे. ‘साठ वॅटचा दिवा चाळीसपेक्षा जास्त उजेड देतो’ हे वाक्य सर्व दिवे एकाच जातीचे होते तोपर्यंत खरे होते. वस्तुतः वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे. किती प्रकाश देतो याचे नव्हे. प्रकाशाचे माप निराळे असून त्यास ल्यूमेन म्हणतात. बैल किती कडबा खातो यावरून तो किती नांगरतो हे ठरत नाही. त्यातलाच हा प्रकार आहे.

पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तापल्यामुळे प्रकाशते. परंतु तिला दिलेल्या विजेपैकी शेकडा पाचच्या आसपास भाग दिसणाऱ्या प्रकाशात उतरतो; बाकीची वीज उष्णता होऊन जाते. कोकणच्या दमट उन्हाळ्यात अशा बल्बखाली बसणारा मनुष्य उजेडाबरोबर उकाडाही विकत घेत असतो.

सीएफएल व ट्यूब यांत पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते, तीतून अदृश्य अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतील पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. यात तार तापवावी लागत नाही. अर्धवाहक पदार्थाच्या लहानशा तुकड्यातून वीज जाताच तो प्रकाशतो. तांबडे व हिरवे डायोड पूर्वीपासून होते, परंतु पांढरा प्रकाश मिळविण्यास निळा डायोड हवा होता. तो साध्य करणारे जपानात जन्मलेले शास्त्रज्ञ आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरातील पांढऱ्या दिव्यात बहुधा निळा डायोड व त्यावर पिवळा लेप असतो. दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यास पांढरा प्रकाश भासतो.

तिन्ही जातींची तुलना स्थूलमानाने अशी करता येईल :

पिवळा बल्ब : ६० वॅट, सुमारे ७०० ल्यूमेन, आयुष्य सुमारे १,००० तास.
सीएफएल : १४ वॅट, सुमारे ८०० ल्यूमेन, आयुष्य ६,००० ते १०,००० तास.
एलईडी : ९ वॅट, सुमारे ९०० ल्यूमेन, आयुष्य १५,००० ते २५,००० तास.

दिवा रोज पाच तास जळला तर १,००० तास दोनशे दिवसांत संपतात आणि १५,००० तासांस आठ वर्षांहून अधिक काळ लागतो. हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा.

घरातील हिशेब

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. हे सूत्र फळ्यावर लिहून पुढील उदाहरण द्यावे.

समजा, नेरूळमधील एका दोन खोल्यांच्या घरात चार पिवळे बल्ब आहेत. स्वयंपाकघरातील ६० वॅटचा दिवा रोज ४ तास, बाहेरच्या खोलीतील ६० वॅटचा ५ तास, न्हाणीघरातील ४० वॅटचा १ तास आणि दारावरील ४० वॅटचा २ तास जळतो. रोजचा खर्च २४० + ३०० + ४० + ८० = ६६० वॅट-तास. तीस दिवसांचे १९.८ युनिट झाले.

आता ६० वॅटच्या जागी ९ वॅटचे व ४० वॅटच्या जागी ५ वॅटचे एलईडी बसविले. रोजचा खर्च ३६ + ४५ + ५ + १० = ९६ वॅट-तास. महिन्याला २.८८ युनिट. बचत १६.९२ युनिट. एका युनिटास ८ रुपये धरल्यास महिन्याला सुमारे १३५ रुपये वाचतात. चार दिव्यांस सरासरी १०० रुपयांप्रमाणे ४०० रुपये पडले, तर तीन महिन्यांच्या आत ते वसूल होतात. वर्षभरात सुमारे २०६ युनिट वीज वाचते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. त्यापुढे ३०० पर्यंत, नंतर ५०० पर्यंत व त्याहून वर असा तो चढत जातो. वाचलेले युनिट नेहमी वरच्या पायरीचे असते, म्हणजे सर्वांत महागाचे. म्हणून बचतीचा हिशेब करताना सरासरी दर न धरता आपल्या बिलातील शेवटच्या पायरीचा दर धरावा.

तथापि पिवळे बल्ब आता थोड्याच घरांत उरले आहेत. बहुसंख्य घरांत जुनी ट्यूब किंवा सीएफएल असेल. तेथे काय करावे?

४० वॅटची जुनी ट्यूब तांब्याच्या चोकसह सुमारे ५२ वॅट वीज घेते, कारण चोकही दहा-बारा वॅट खातो. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लावल्यास ३२ वॅट वाचतात. रोज ६ तासांप्रमाणे महिन्याला ५.७६ युनिट, म्हणजे वरील दराने ४६ रुपये. पट्टीस २५० रुपये पडले तर साडेपाच महिन्यांत ते भरून येतात. ट्यूब बदलणे फायद्याचे आहे.

सीएफएलचा हिशेब मात्र निराळा आहे. १४ वॅटच्या चालू सीएफएलऐवजी ९ वॅटचा एलईडी लावल्यास ५ वॅटच वाचतात. रोज ४ तासांप्रमाणे महिन्याला ०.६ युनिट, म्हणजे ४ रुपये ८० पैसे. शंभर रुपये वसूल होण्यास सुमारे एकवीस महिने लागतात. म्हणून चांगला चालणारा सीएफएल फेकून देण्याची घाई करू नये. तो निकामी झाल्यावर एलईडी घ्यावा. नवी वस्तू आली म्हणून जुनी टाकणे हीच काटकसर, असे मुलांच्या मनावर ठसू देऊ नये.

खोके कसे वाचावे

दिव्याचे खोके हे एक छोटे पाठ्यपुस्तकच आहे. ते वाचण्याची सवय मुलांना लावावी. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट ल्यूमेन. ल्यूमेनच्या आकड्यास वॅटच्या आकड्याने भागावे. ९०० भागिले ९ म्हणजे एका वॅटमागे १०० ल्यूमेन. हा भागाकार जितका मोठा, तितका दिवा काटकसरी. ज्या खोक्यावर ल्यूमेन छापलेलेच नाहीत, तो दिवा घेऊ नये.

दुसरी गोष्ट तारे. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. त्याच्या पट्टीवर एकपासून पाचपर्यंत तारे असतात. एलईडी दिव्यांवर ही पट्टी २०१८ पासून सक्तीची झाली. तारे अधिक, तितका तोच प्रकाश कमी विजेत.

तिसरी गोष्ट भारतीय मानक ब्यूरोची खूण. तिच्यासोबत आय.एस. १६१०२ हा मानक क्रमांक व ‘आर’ या अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक असतो. या मानकात विजेच्या धक्क्यापासून संरक्षण, उष्णता सहन करण्याची क्षमता इत्यादी गोष्टींची परीक्षा असते. बिननावाच्या दिव्यात ही खूण नसते. आणि धोका तेथेच असतो.

चौथी गोष्ट प्रकाशाचा रंग. तो केल्विन या मापात दिलेला असतो. २,७०० ते ३,००० केल्विनचा प्रकाश पिवळसर व शांत, ४,००० चा मध्यम आणि ६,५०० चा निळसर पांढरा असतो. पांढरा दिवा अधिक उजेड देतो असे वाटते, पण तो भास आहे. उजेड ल्यूमेनवरून ठरतो. निजण्याच्या खोलीत पिवळसर प्रकाश बरा.

पाचवी गोष्ट हमी व पावती. एलईडी दिव्यातील डायोड सहसा लवकर जात नाही. जातो तो त्याच्या बुडाशी असलेला विद्युत्‌मंडलाचा भाग, आणि तो उष्णतेने जातो. म्हणून चहूकडून बंद असलेल्या काचेच्या हंडीत अथवा चुलीच्या थेट वर सामान्य एलईडी लावू नये. पावती जपून ठेवल्यास हमीच्या मुदतीत दिवा बदलून मागता येतो. पावती नाही, तर हमी नाही.

अभ्यासाचा दिवा

वीज वाचविण्यासाठी मुलांनी अंधूक उजेडात अभ्यास करावा, असा या लेखाचा हेतू मुळीच नाही. उलट, योग्य निवडीने वीज कमी लागून वहीवर अधिक प्रकाश पडतो.

एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन प्रकाश पडला म्हणजे त्यास एक लक्स म्हणतात. वाचन-लेखनासाठी सर्वसाधारणपणे ३०० लक्स प्रकाश असावा असे मानतात. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ९.३ चौरस मीटर भरते. छतावरील ९०० ल्यूमेनच्या दिव्याचा सर्वच्या सर्व प्रकाश जमिनीवर पडला असे धरले, तरी तो ९७ लक्सपेक्षा अधिक होत नाही. आणि सर्व प्रकाश जमिनीवर कधीच पडत नाही. म्हणजे खोली उजळलेली दिसते, परंतु मुलाची वही अंधारातच राहते.

यावर उपाय छतावर दुप्पट वॅटचा दिवा लावणे हा नव्हे. दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले की त्याच जागी पडणारा प्रकाश चौपट होतो. ५ वॅटचा एक दिवा छत्रीसह वहीपासून दीड-दोन फुटांवर ठेवला, तर ३०० लक्स सहज मिळू शकतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून व डावखुऱ्याच्या उजवीकडून प्रकाश यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. भिंतीस पांढरा चुना व दिव्यास महिन्यातून एकदा कोरडे फडके, एवढ्यानेही उजेड वाढतो, आणि त्यास वीज लागत नाही.

नेरूळमध्ये काय किंवा पाड्यावर काय, जेथे सारे कुटुंब एका खोलीत वावरते, तेथे हा लहान दिवा विशेष उपयोगी ठरतो. घरातील इतर माणसे झोपली असताना मोठा दिवा न लावता मुलास अभ्यास करता येतो.

पारा, बाहेरचे दिवे आणि सुरक्षितता

सीएफएल व ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. २०२३ साली पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या परिषदेत अशा दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरले. तोपर्यंत व नंतरही घराघरांत जुने दिवे राहतील. असा दिवा फुटल्यास पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात व मुलांनी पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. तुकडे केरसुणीने झाडू नयेत. जाड कागदाने मोठ्या माणसाने गोळा करावेत, ओल्या फडक्याने जागा पुसावी व सर्व काही बंद पिशवीत घालावे. निकामी पण अभंग दिवे घरच्या केरात न टाकता विद्युत्-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत.

अंगणातील व ओसरीवरील दिव्याचे तोंड खाली असावे. आकाशाकडे जाणारा प्रकाश कोणाच्याच उपयोगाचा नसतो. शिवाय रात्रीच्या प्रखर उजेडाने पक्ष्यांची दिशाभूल होते. नेरूळच्या पाणथळीवर येणारे रोहित पक्षी पाहण्यास लोक लांबून येतात. त्यांच्या रात्रीच्या अंधाराची काळजी घेणे हेही लोकांचेच काम आहे.

बटण बंद केल्यावरही एलईडी मंद मिणमिणत असेल, तर ते दिव्याचे वैगुण्य आहेच असे नाही. पुष्कळदा बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर जोडलेले असते. असे असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते व धक्का बसू शकतो. जाणत्या वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी. दिवा बदलताना मुख्य बटण बंद करावे. मुलांनी हे काम करू नये.

वर्गात करावयाचे उपक्रम

(१) प्रत्येक मुलाने घरातील दिव्यांची यादी करावी : जात, वॅट, रोजचे तास. त्यावरून महिन्याची युनिटे काढून ती घरच्या वीजबिलाशी ताडून पाहावीत. दिव्यांची युनिटे बिलाच्या मानाने थोडी भरतील. उरलेली वीज कोठे गेली, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतील. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास चालला, आणि त्याऐवजी ३० वॅटचा नवा आला, तर रोज ५४० वॅट-तास वाचतात. म्हणजे वरील उदाहरणातील चार दिव्यांच्या बचतीच्या जवळपास. दिवा हा या अभ्यासाचा पहिला धडा आहे, शेवटचा नव्हे.

(२) अंधाऱ्या खोलीत शिक्षकाने मेणबत्ती लावून तिच्यापासून अर्ध्या मीटरवर दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस पुठ्ठा व एक मीटरवर भिंत येईल असे करावे. सावलीची बाजू वीस सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ चौपट भरते. पुठ्ठ्यावर पडणारा प्रकाश भिंतीवर चौपट जागेत पसरला असता, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

(३) दिव्याखाली पेन्सिल वेगाने हलवावी. सलग पुसट पट्टा दिसला तर प्रकाश स्थिर आहे. अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो. असा दिवा अभ्यासास घेऊ नये.

(४) मुलांनी आणलेल्या रिकाम्या खोक्यांवरील ल्यूमेन व वॅट यांचा भागाकार करून दिव्यांचा क्रम लावावा. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या दिवशी हा तक्ता शाळेच्या भिंतीवर लावून पालकांस पाहण्यास बोलवावे.

समारोप

महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग आजही चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून तयार होतो. अशा विजेच्या एका युनिटास सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. वरील घराची वर्षाची २०६ युनिटे म्हणजे सव्वाशे ते दीडशे किलो कोळसा झाला. एका लहान घराने चार दिवे विचारपूर्वक निवडले, तर दूरच्या खाणीत एवढा कोळसा शिल्लक राहतो. मात्र दिवा काटकसरी आहे म्हणून तो रिकाम्या खोलीत जळत ठेवला, तर हा हिशेब तितकाच उलटा फिरतो. बटण बंद करणारा हात कोणत्याही दिव्याच्या खोक्यात मिळत नाही. तो शाळेत घडवावा लागतो.

ज्या मुलास खोके वाचता येते, युनिटे मोजता येतात व वहीजवळ दिवा ठेवावा हे कळते, तो उद्या बाजारात फसणार नाही. घरातील वडील माणसेही खरेदीच्या वेळी त्याला विचारू लागतील. गणिताचा तास घराच्या उपयोगी पडला, याहून शिक्षकास अधिक समाधान ते कोणते?